नखवाली आनि जासईची जुनिपरं

त्या दिवशी जासईच्या कंटेनर यार्डात आमी एवडीच मानसं होतो. टेम्पोवाला बबन. मी. नखवाली. गेटावर निळ्या शर्टातला तो मानूस. आनि दुपारी त्याचा डबा घेऊन आलेली त्याची बायको. शेट नव्हता, तो नर्सरीवर थांबलेला. त्यातली नखवाली आता नाय. बबन काय बोलनार नाय, तो गाडीत झोपलेला. म्हनून मी सांगते.

उजव्या अंगठ्याचं नख ती वाडवायची. बाकीची नखं मातीनं झिजलेली, काळी. ते एकच लांब, टोकाला जरा वाकडं, कडेनं हिरवं. पयल्या दिवशी मी बगितलं तवा मला वाटलं, ही बाई करनी-बिरनी करते का काय. मी माजा डबा तिच्यापासून लांब ठेवला. तिनं ते बगितलं आनि बोलली, "खा गं निवांत. हे नख फकस्त झाडाला लागतं."

नर्सरी तळवलीच्या मागं होती. मोठ्या वायरींचे टॉवर जातात ना, त्यांच्या खालच्या पट्टीत. वायरींखाली बिल्डिंग बांदता येत नाय म्हनून तिकडं झाडं. हवा दमट असली की वर वायरी तडतडत राहायच्या. आमचं शेत त्याच अंगाला होतं. शेत शहरात गेलं, माजे मालक कंपनीत लागले. मंग कंपनी बंद पडली, आनि मालक पन फार दिवस राहिले नाय. दोन पोरं होती. शेट आमच्याच गावचा. बोलला, वयनी, नर्सरीत मातीच्या पिशव्या भरायला या. मी गेली. रडायला बसायची जागा नव्हती घरात, सगळीकडं कोन ना कोन बसलेलं.

नखवाली माज्या आदीपासून तिकडं. सातारच्या बाजूची. तिला नाव होतं, पन शेट पगाराला पन "नखवाली, ये" अशीच हाक मारायचा आनि तिला पन त्याचं काय वाटत नव्हतं. कपाळाला रुपयाएवडं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. माती कालवताना बांगड्या वर सारायची, कवा काडायची नाय.

ते नख जुनिपरसाठी होतं. जुनिपर म्हंजे थंडीकडचं झाड. आपल्याकडं ते रुसलेल्या पावन्यासारखं राहतं. पन नव्या सोसायट्यांना लई आवडायचं. गेटाच्या दोन्ही बाजूला दोन लावली की बिल्डिंग भारी दिसते, असं. आता या झाडाची खोड अशी की मेलं तरी कळत नाय. मुळं कुजून जातात, झाड आतनं खलास होतं, आनि वरनं महिना-महिना हिरवं राहतं. तसंच उभं. पान गळत नाय, मान टाकत नाय. मंग एक दिवस बगावं तर तांबडं. नखवाली प्रत्येक जुनिपर देताना बुडाजवळ खोड नखानं जरासं खरवडायची. सालीखाली ओलं हिरवं निगालं तर जितं. तपकिरी निगालं तर मेलेलं.

एकदा एक नवरा-बायको आले, नव्या फ्लॅटची पूजा होती त्यांची. सगळ्यात उंच झाड त्यांनी काडलं. नखवालीनं खरवडलं आनि बोलली, हे नका नेऊ, मेलंय. तो मानूस हसला. बोलला, अहो आजी, हिरवंगार तर आहे. नखवाली बोलली, "व्हय. त्याला अजून कळलं न्हाय."

ती दोगं दुसरं काय पन न घेता गेली. शेट तापला. गिऱ्हाईक गेलं म्हनून लई बोलला. नखवाली पिशव्या भरत होती तशी भरत राहिली. तो गेल्यावर मला बोलली, मेलेलं इकायचं असतं तर मासळीबाजारात बसली असती मी. मी बोलली, आमच्या मासळीला नावं ठेवू नको, आमी कल्ला उगडून बगून घेतो, आमाला नख वाडवायला लागत नाय. तेवडं एकदाच मी तिला तोंडावर पदर धरून हसताना बगितलं.

जुनिपर ओळखायला मला तिनंच शिकवलं. ट्रकानं माल यायचा तो लहान, काळ्या पिशव्यांत, प्रत्येक झाड काठीला बांदलेलं. बांदलं की सगळंच सरळ दिसतं. पन एक जात आपोआप उभी वाडते आनि एक जात काठी सोडली की जमिनीवर झोपते, सरपटत जाते. लहानपनी दोन्ही सारकीच. दोन्ही हिरवी, दोन्ही टोचरी. गिऱ्हाईक उभं म्हनून न्यायचं आनि वर्सानं भांडायला यायचं, तुमचं झाड आडवं झालं म्हनून. सोबतीला मोरपंखी असायची, पन ती कोनाला पन कळते, तिचं पान पंख्यासारखं चपटं. घोळ असायचा तो या दोगांत.

मी तळहात फिरवायची. ती माजा हात बाजूला सारायची.

"तळहात कामानं मेलाय तुजा. त्याला काय इचारतीस? मनगट लाव, उलटं."

मनगटाच्या आतल्या बाजूला कळतं. सरपटनारं असलं तर खालपासून वरपर्यंत सगळं टोचतं, एका जागी तीन-तीन काटे, आनि काट्याच्या आत पांडरी रेघ. उभं वाडनारं असलं तर ते पन टोचतं, पन त्याच्यात कुटंतरी, शेंड्याला नायतर आत, एक तरी फांदी मऊ असते. बारीक घट्ट वेनी घातल्यासारखं पान. ती एक वेनी सापडेपर्यंत हात काडायचा नाय. मला वर्स लागलं. नखवाली ट्रकातनं माल उतरवता उतरवता, माज्याशी बोलता बोलता, वेगळं निगालं ते बाजूला ठेवायची. बगायची पन नाय.

तिचा नवरा बंदरात होता, न्हाव्याला. कंटेनर साखळदंडानं बांदायचं काम. एक दिवस सकाळी डबा घेऊन गेला आनि परत आला नाय. ही बंदरावर गेली, तिला कोनी आत सोडलं नाय. कोन बोललं बोटीवर चडून गेला, कोन बोललं गावाला गेला. गाववाले बोलले इकडं आला नाय. असं करत वर्सं गेली. तिच्या चाळीतल्या बायका टोमने मारायच्या, नखवालीचं कुंकू मोठं होत चाललंय, नवरा लांब गेला म्हनून लांबनं दिसावं वाटतं. तिचा भाऊ गावावरनं येऊन सांगून गेला की आमी त्याच्या नावानं आंगोळ केली हाय, तू पन कर आनि मोकळी हो. मेलं असं धरून डोक्यावरनं पानी घेतलं की मंग वाट बगायला नको, असं. ही बोलली, मानूस मरल तवा आंगोळ. आदी न्हाय.

मी तिला एकदाच विचारलं, ओळकशील का आता? ती बोलली, उजवा कान. लहानपनी कानात बाळी होती, भांडनात कोनी तरी ओढली, पाळी फाटून दोन फाका झाल्या. "पन कान कशाला बगू," बोलली. "चालला तरी कळंल मला."

जासई माजं माहेर. तिकडं हळदीला गेलेली तवा माजी वयनी बोलता बोलता बोलली की आमच्याकडं यार्डात गेटावर एक सातारकडचा हाय, कान फाटका, इकडच्याच बाईशी घर केलंय. तीन-चार दिवस मी ते पोटात ठेवलं. मंग एक दिवस पिशव्या भरताना तिला सांगितलं. सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं तर मी कोन ठरवनारी?

ती माती भरत राहिली. पिशवी भरून बाजूला ठेवली आनि बोलली, "कान लई जनांचं फाटकं असत्यात."

पन त्या दिवसापासून तिचं जेवन गेलं. मला कळत होतं काय चाललंय ते. तो मानूस तोच निगाला तर ती सवाशीन, पन टाकलेली. तो नसला तर पुन्ना वाट बगनं, पन मान तरी वर. यातलं कुटलं बरं ते मला पन सांगता आलं नसतं.

मंग आपोआपच ऑर्डर आली. त्याच यार्डाची, ऑफिसच्या गेटाजवळ जुनिपरची रांग लावायची, उभी वाडनारी पायजेत. शेट बोलला, बबनबरोबर कोन जातं? नखवाली बोलली, "मी जाते." ती नर्सरी सोडून कुटं जात नसायची. शेटनं पन दोनदा विचारलं. मी बोलली, मी पन जाते, माजं माहेर हाय.

टेम्पो भरताना ती कुंकू लावून आलेली, नवीन. झाडं तिनं मनगटानंच निवडली, एक पन चुकली नाय. पन नख लावलं नाय. मला ते दिसलं. मला वाटलं, आदीच बगून ठेवली असतील.

यार्डात कंटेनर एकावर एक, बिल्डिंगसारके. ट्रकांची धूळ. बबननं हॉर्न दिला. गेटाची साखळी काडायला तो मानूस आला, निळा शर्ट, डोक्यावर टोपी. टोपीखाली उजवा कान. दोन फाका.

तो साखळी काडता काडता थांबला. मागं ट्रकवाला शिव्या द्यायला लागला तरी साखळी हातातच. नखवाली टेम्पोच्या मागं झाडांत बसलेली. उतरली, पदर खोचला, आनि त्याला विचारलं, खड्डं कुटं घ्यायचं? जसं कोनाला पन विचारतात तसं. त्यानं हात केला.

आमी खड्डे घेतले. ती कुदळ मारायची, मी माती उचलायची. बबन पुडं झोपला. ऊन चांगलंच होतं. मी तिच्या तोंडाकडं बगायचं टाळलं. तिनं त्याला एक बादली पानी मागितलं, त्यानं आनून ठेवलं आनि लांब जाऊन पाठ करून बसला.

जेवनाच्या टायमाला त्याची बायको आली डबा घेऊन. आमच्याच बाजूची, साधी, सावळी, हसरी. तिला काय म्हायती नव्हतं. तिनं आमाला बगितलं आनि आदी आमाला सुकटीची चटनी दिली, तांदळाची भाकरी अर्धी-अर्धी दिली. बोलली, बायांनो, उन्हात कशाला बसता, इकडं सावलीला या. झाडं बगून खूश झाली. बोलली, आमचे हे हायत ना, पानी घालायला सांगीन यांना, रोज बादली-बादली घालतील.

नखवाली बोलली, नको. पान्यानंच मरतं हे. माती हाताला कोरडी लागली तरच घालायचं. आनि मंग तिनं त्या बाईचा हात धरला. तिचा अंगटा घेऊन एका झाडाच्या बुडाशी खोडावर लावला आनि जरासं खरवडायला लावलं.

"आत हिरवं दिसलं तर जितं. वरनं बगून कळत न्हाय याचं."

ती बाई वाकून बगत बोलली, जितं हाय. नखवाली बोलली, व्हय.

मंग ती बाई पानी देता देता बोलली, "आनि तुमचे मालक काय करतात, आक्का?"

तो पाठ करून जेवत होता. त्याचा हात थांबला.

नखवाली बोलली, "बंदरात हायत कामाला."

त्याला ठसका लागला. बायको उठून पानी घेऊन गेली, पाठीवर हात फिरवला त्याच्या. नखवालीनं भाकरी संपवली. एक तुकडा पन टाकला नाय. हात धुतले, उरलेली दोन झाडं लावली, आनि आमी निगालो.

परत येताना टेम्पोच्या मागं रिकाम्या पिशव्यांवर आमी दोगीच. दोन्ही बाजूनं कंटेनरचे ट्रक. उलव्याच्या पुडं आल्यावर तीच बोलली.

"त्यो न्हवं."

मी बोलली, कान?

"कान सारका हाय. मानूस न्हवं."

ओळखायचं मी तिच्याकडनंच शिकली. ती बोलली नाय तो, तर नाय तो. त्या दिवसापासून मला तिनं विचारलं नाय आनि मी तिला विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी ती जेवली. कुंकू तेवडंच, बांगड्या तेवड्याच.

महिन्यानं यार्डातनं शेटला फोन. रांगेतलं एक झाड तांबडं झालंय, गेटाजवळचं. शेट मजेत होता, आला आनि बोलला, काय नखवाली, नख म्हातारं झालं का तुजं? मेलेलं देऊन आलीस. सगळे हसले. ती पन जराशी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तवा अंगटा बोडका होता. नख मुळापर्यंत कापलेलं.

मी बगतेय म्हनून बोलली, आता तू वाडव. मी बोलली, मला नाय जमनार. ती बोलली, "वाडतंय ते. त्याला काय जमायचंय?"

बदलीचं झाड घेऊन मी गेली. ती आली नाय, आनि मी पन तिला चल बोलली नाय. झाड आदी खरवडून बगितलं, माजं नख अजून आखूड होतं, तरी बगितलं. गेटावर तोच. मी खड्डा घेतला, मेलेलं काडलं, नवीन लावलं. तो बाजूला उभा. मी निगायला लागली तवा हळू बोलला, "ती कशी हाय?"

मी बोलली, "कोन ती?"

त्यानं माज्याकडं बगितलं. मंग टोपी काडली, परत घातली आनि साखळी सोडली.

नखवाली त्याच्यानंतर बरीच वर्सं होती. काम कमी झालं, पन यायची, खुर्चीवर बसून रोपं निवडायची. मंग एका पावसाळ्यात ताप आला. दवाखान्यात नेलं, परत आनलं. एका दुपारी मी पेज घेऊन गेली तर गेलेली.

भाऊ गावावरनं आला. चांगला मानूस, थकलेला. चाळीतल्या बायका जमलेल्या. सवाशीन गेली तर तिला हिरवं नेसवतात, कुंकवानं मळवट भरतात, बांगड्या भरतात, ओटी भरतात. नायतर साधं न्यायचं. बायका भावाला विचारायला लागल्या, काय करायचं? भाऊ बोलला, "आमी दाजींच्या नावानं कवाच आंगोळ केली हाय. साधंच न्या."

एकीनं तिच्या हातातल्या बांगड्या काडायला घेतल्या.

मी बोलली, "तुमी केली. तिनं नाय केली."

भाऊ बोलला, मंग हाय कुटं त्यो?

सगळ्या माज्याकडं बगायला लागल्या. मी जासईला हाय बोलली असती तर भाऊ तिकडं गेला असता. ती डबा घेऊन येनारी बाई माज्या डोळ्यापुडं आली, वाकून झाड बगनारी. म्हायती नाय बोलली असती तर बांगड्या निगाल्या असत्या.

मी बोलली, "बंदराकडं हाय. जिता हाय. मी माज्या डोळ्यांनी बगितलाय."

भावानं माज्याकडं बगितलं. मंग खाली बगितलं. त्याला पन आपल्या बहिनीला तसं न्यायचं नव्हतं. त्यानं खिशात हात घातला आनि बोलला, हिरवं लुगडं आना. बांगड्या राहिल्या. मळवट मी भरला. अंगट्याचं नख पन मी बगितलं, आखूडच होतं. तिनं परत वाडवलं नव्हतं.

वायरींखालची नर्सरी आता हटवली. शेट म्हातारा झाला, मी पन. माजं नख हाय अजून. नात ओरडते, आजी काप ते, घान दिसतं. घरात आता एक तुळस हाय आनि एक मोरपंखी, त्यांना नख लावायला लागत नाय. तरी ठेवलंय.

आता माजं एक काम हाय तुमच्याकडं. जासईला मी आता जात नाय, वयनी गेली, गुडगे गेले. आनि मी त्याला एकदा "कोन ती" बोलून बसलीय, मंग आता कुटल्या तोंडानं सांगू की ती गेली. म्हनून तुमच्यातलं कोन त्या बाजूला गेलं, ट्रक घेऊन, नायतर ऑफिसच्या कामाला, तर एका यार्डाच्या गेटाजवळ जुनिपरची रांग दिसंल. आता उंच झाली असतील. गेटावर तो असला, उजवा कान फाटका, तर त्याला जरा बाजूला घ्या. बायकोच्या देखत नको, तिनं आमाला भाकरी दिलीय. माजं नाव सांगू नका, तिचं पन नको. एवडंच सांगा त्याला, घरी जाऊन आंगोळ कर.